कुस्ती थांबवणारा हात

आमच्या दापोलीत कुणी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" तर हल्ली मी "शाळेत असते" असं सांगून मोकळी होते. खोटं नाही, असतेच मी शाळेत. पण खरं सांगायला बसले तर समोरच्याचा चहा गार होतो. मी अॅथलेटिक ट्रेनर आहे. म्हणजे खेळ शिकवणारी नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. मैदानाच्या कडेला पेटी घेऊन बसणारी, खेळाडू पडला की सगळ्यांच्या आधी धावणारी, आणि त्याला उठवायचं की पडूनच राहू द्यायचं हे ठरवणारी. एवढं सगळं ऐकून समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे मालिश!" मग माझं डोकं फिरतं आणि आमचे हे मला हळूच बाजूला घेऊन जातात.

आमच्यासारख्यांची राज्यभराची एक संघटना आहे. तिची कामं दोन. एक, निधी जमवणं, कारण स्ट्रेचर आणि मानेचे पट्टे कुणी फुकट देत नाही. दुसरं, लोकांना पटवणं. स्पर्धा भरवणाऱ्यांना, पंचांना, जत्रेच्या कमिट्यांना सांगत फिरायचं की मैदानावर आमचं माणूस हवं आणि दुखापत झाली तर शब्द त्याचा चालायला हवा. यातलं दुसरं काम फार चिवट. माणूस एकवेळ पैसे काढून देतो, पण अधिकार द्यायचा म्हटलं की त्याचा हात खिशातच अडकतो.

यंदा चैत्रात संघटनेनं छत्रपती संभाजीनगरचा दौरा ठरवला, तो शकीलभाईंमुळे. त्या जिल्ह्यात मैदानावर बसणारे आमचे ते एकटेच. आदल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. "ताई, कन्नडच्या पुढं आमच्या गावची जत्रा हाय. यंदा पहिल्यांदा कमिटीनं कुस्त्यांच्या फडात बसू देतो म्हणलंय. मी हात वर केला आन् कुस्ती थांबली, तर मी इथंच ऱ्हातो. नाय थांबली, तर पुण्याच्या हॉस्पिटलातली नोकरी धरतो. लई वर्षं झाली नुसतं बघत बसून."

त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता. मी बॅग भरली.

संभाजीनगर

कोकणातून तिथवरच्या प्रवासाचं सांगत बसत नाही. बस ती बसच, आणि कंबर ती कंबरच. पहाटे उतरले तर शकीलभाई स्टँडवर हजर. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी नीट कातरलेली, आणि पायांत साध्या चपला. माझ्या पायांत नवे कोरे स्पोर्ट्स शूज होते, लेकीनं खास दौऱ्यासाठी आणलेले. शकीलभाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि माझी पेटी उचलली.

त्यांचं घर जुन्या शहरात, एका दरवाज्याच्या आतल्या गल्लीत. तिथं त्यांच्या अम्मींनी माझा ताबा घेतला. दुपारी पुढ्यात आलं ते नान खलिया. हळदीनं पिवळी झालेली, मऊ, हाताएवढी नान आणि वर तर्री असलेला झणझणीत रस्सा. आमच्याकडे माशाच्या आमटीशी तांदळाची भाकरी मोडून खाताना जो जीव सुखावतो, तसाच इथं सुखावला. मी दुसरी नान नको म्हटलं तर अम्मी म्हणाल्या, "कायकू शरमाती? मैदान में लोगां कू उठाती ना तू? खाली पेट कैसा उठाएगी?"

एवढ्या वर्षांत माझ्या कामाचं इतकं सरळ वर्णन कुणी केलं नव्हतं. मी दुसरी नान घेतली आणि तिसरीही.

जेवताना शकीलभाईंनी वस्तादांचं सांगितलं. म्हाळू वस्ताद म्हणजे त्या गावच्या तालमीचे सर्वेसर्वा. घराणं मेंढपाळांचं. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, यांनी मात्र गावात कुस्तीचा हौद खणला आणि पैलवान घडवले. शकीलभाईंचं आजोळ त्याच गावचं, त्यामुळे लहानपणी तेही त्यांच्याच हाताखाली तालमीत घुमले होते. आता जत्रेच्या कुस्त्यांत जोड लावणं, सोडवणं, सगळं वस्तादांच्या मानेच्या इशाऱ्यावर चालतं. पंच नावाला.

"मग तेच अडवतात?" मी विचारलं.

"अडवत नाय ताई. प्रेम करत्यात. पण मी त्यांना अजून लंगोट सुटलेलं पोरगंच वाटतो."

वेरूळ

दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळला आमची निधीची धाव होती. घृष्णेश्वराच्या अलीकडून निघायचं, लेण्यांच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. धावणाऱ्यांनी यथाशक्ती द्यायचं, बदल्यात आम्ही त्यांचे घोटे आणि गुडघे पट्टीनं बांधून देणार. आम्ही मंडप टाकला, फलक लावला, निधीची पेटी मांडली आणि लोकांची वाट बघत बसलो. बराच वेळ आमच्याकडे फक्त एक म्हैस आली.

चैत्रातला वेरूळचा डोंगर आमच्या सह्याद्रीसारखा अंगावर येत नाही. तो उघडा, तपकिरी, शांत बसलेला असतो आणि त्याच्या पोटात काय आहे ते आत गेल्याशिवाय कळत नाही. मला तो आवडला. एवढं काम करून गप्प बसणारी माणसंही मला आवडतात, फक्त आमच्या संघटनेनं तसं करू नये असं माझं मत आहे.

मग हळूहळू मंडळी जमली. दोन-तीन गाईड, एसटीचा एक कंडक्टर, शाळेतल्या मुली, आणि लेणी बघायला आलेलं नाशिकचं एक कुटुंब, ज्यांना ही फुकटची सरकारी योजना वाटली. समोरच रसवंती होती. तिची मालकीण, सुमनबाई, कमरेवर हात ठेवून बराच वेळ आमचा उद्योग बघत होती. शेवटी रस्ता ओलांडून आली.

"कशाचं औषध इकता वं?"

"औषध नाही हो, पट्टी बांधतो. खेळताना दुखापत होऊ नये म्हणून."

"आन् झाली तर?"

"तर आम्ही आधी धावतो."

"कामून? डाक्टर नसतो का?"

मी तोंड उघडायच्या आत शकीलभाईंनी उत्तर दिलं. "डाक्टर दवाखान्यात असतो, मावशी. पोरगं मैदानात पडतं. दोन्हीच्या मधी जे अंतर हाय ना, तिथं आम्ही असतो."

सुमनबाईंनी मान हलवली. "हे बेस केलं. माझ्या भावाचा पोरगा कबड्डीत पडला तवा चौघांनी हातपाय धरून उचलला. त्याची कंबर अजून सरळ नाय." मग ती परत गेली, आणि धाव संपवून आलेल्या प्रत्येकाला तिनं आल्यालिंबाचा रस पाजला. मी पैसे द्यायला गेले तर माझ्यावरच उखडली. "तुमच्या पेटीत टाकायला माझ्याकडं नोटा नायत. रस हाय. निधी समजा आन् गप प्या."

धावणारे मोजकेच होते, पण पेटी अगदीच हलकी राहिली नाही. नाशिककरांनी तर गैरसमज दूर झाल्यावरही हात आखडता घेतला नाही. परतताना मी शकीलभाईंना म्हटलं, तुमचं ते अंतराचं वाक्य मी राज्यभर वापरणार आहे. ते लाजले. मला आमच्या धंद्याचा इतका अभिमान त्या दिवसाआधी क्वचितच वाटला असेल, आणि तो मी उसाच्या रसाबरोबर मनसोक्त पिऊन घेतला.

कन्नडच्या पुढं

जत्रेचं गाव कन्नड सोडून घाटाच्या अंगाला. आम्ही जीपमधून गेलो. मांडीवर कुणाचं तरी करडू आणि पायाशी आमचं स्ट्रेचर. हे स्ट्रेचर मागच्या निधीतून घेतलेलं, म्हणून मी त्यावर कुणाला पाय ठेवू देत नव्हते. करडानं ठेवला, त्याला माफ केलं.

वस्ताद लिंबाखाली बाजेवर बसले होते. पांढरा फेटा, कान चुरगळलेले, मान खांद्यात रुतलेली. त्यांच्यासमोर कुणीच बसत नव्हतं, कमिटीची माणसंही उभीच. शकीलभाईंनी वाकून पायाला हात लावला. मी नमस्कार केला आणि माझं भाषण सुरू केलं. मानेची दुखापत किती फसवी असते, माणूस उठून बसतो पण आत काय झालंय ते दिसत नाही, वगैरे. भाषण चांगलं होतं. मुंबईत त्याला टाळ्या मिळतात.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, जेवलात का?"

मग शकीलभाईंकडे वळून म्हणाले, "हात वर करायचा तर कर. मी नाय म्हणत नाय. पण कुस्ती थांबायची का नाय, ते मीच ठरवणार. आजवर मीच ठरवलंय."

शकीलभाई "व्हय" म्हणाले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण तेवढ्यात बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी आली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ. त्या आमटीनं राग निवत नाही, उलट चांगला पेटतो, पण जेवण मात्र उत्तम होतं.

दुपारी हलगी कडाडली. फड म्हणजे मधोमध तांबड्या मातीचा हौद आणि चहूबाजूंनी माणसंच माणसं, झाडांवर, ट्रॅक्टरवर, शाळेच्या कौलांवर. तांबडी माती मला काय नवीन, आमचं अख्खं कोकण तांबडं. पण ही माती वेगळी होती. ताक, हळद, तेल आणि लिंबू घालून मळलेली, आणि आत उतरणारा प्रत्येक जण आधी ती कपाळाला लावत होता. सुरुवातीला मुलींच्या कुस्त्या झाल्या. त्यांतली एक कन्नडची पोर अशी काही लढली की बायकांनी टोप्या नसताना टोप्या उडवल्यासारखे हात उडवले. तिचा खांदा मी आधी बांधून दिला होता, त्यामुळे अर्धी कुस्ती मीच जिंकले असं मी धरून चालले.

शकीलभाई हौदाच्या कडेला उकिडवे बसले होते, अनवाणी. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, चपला तरी घाला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई." मला वाटलं, भक्ती असेल. मी माझ्या नव्या बुटांत आरामात बसले.

शेवटची कुस्ती वस्तादांच्या नातवाची, सोमनाथची. समोर पैठणचा एक दांडगा पैलवान. सोमनाथ म्हणजे साऱ्या गावाचं लाडकं पोर. तालमीचं नाव यंदा त्याच्यावर होतं आणि वस्ताद पहिल्यांदाच बाजेवरून उठून उभे राहिले होते. दोघं बराच वेळ एकमेकांना जोखत राहिले. मग सोमनाथनं पायाला हात घालून पट काढला, पैठणकर डगमगला, लोक ओरडायला लागले. पण पैठणकरानं सावरत त्याला खांद्यावर घेतला आणि आदळला.

सोमनाथ डोक्यावर आला. मान एका बाजूला दुमडली आणि तो लगेच पालथा होऊन गुडघ्यांवर उठलाही. चितपट झाला नव्हता. लोकांनी आनंदानं आकाश डोक्यावर घेतलं. मीही श्वास सोडला.

शकीलभाईंनी हात वर केला.

पंचानं वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद हलले नाहीत. पैठणकर पुन्हा पुढं सरकला. आणि मग मला दिसलं ते, जे शकीलभाईंनी आधीच पाहिलं होतं. सोमनाथ उजव्या हातानं माती घेत होता, पण डावा हात नुसता लोंबत होता.

शकीलभाई थांबले नाहीत. वर केलेला हात तसाच ठेवून ते आत धावले, दोघांच्या मध्ये गेले, सोमनाथला सावकाश आडवं केलं आणि त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून गुडघ्यांवर बसले. मी मानेचा पट्टा घेऊन मागोमाग धावले, तर साऱ्या फडातून एकच गर्जना उठली. "ओ बाई! बूट! बूट!"

तालमीच्या मातीत पायताण घालून उतरत नाहीत. हे मला ठाऊक होतं, लहान पोरालाही ठाऊक असतं. फक्त ते पायांना आठवायला हवं होतं. मी कडेलाच बसकण मारून नाड्या सोडायला लागले. नव्या बुटाच्या नाड्या. त्या सुटेनात. तेव्हा मला कळलं, माणूस दुपारभर तापलेल्या जमिनीवर अनवाणी कशासाठी बसला होता. चपला काढण्यात जो क्षण जातो, तोही त्याला गमावायचा नव्हता. शेवटी एक बूट पायासकट ओढून काढला, दुसरा कुणातरी बाईनं काढला, आणि मी आत पोचले.

तोवर वस्तादही आले होते. लोकांचा आवाज बसला.

"उठव त्याला," वस्ताद म्हणाले.

"मला काय नाय झालं, आबा," सोमनाथ म्हणाला. "सोडा म्हणावं मला."

शकीलभाईंनी वर पाहिलं. त्यांचा आवाज कापत होता, हात नव्हते. "वस्ताद, तुमचं मीठ खाल्लंय. मला मारा, गावाबाहेर काढा. पण मी हे डोकं सोडणार नाय."

वस्तादांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता खरंच मारतात. मग ते मातीत खाली बसले. नातवाचा डावा तळवा हातात घेऊन त्यांनी अंगठ्यानं दाबला.

"कळतंय का?"

सोमनाथनं डोळे तेवढे हाताकडे वळवले.

"सोम्या, कळतंय का?"

"मुंग्या आल्यात नुसत्या, आबा. हात माझा वाटंना."

वस्तादांनी तो तळवा हळूच मातीवर ठेवला. मग उठले, निवेदकाच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "कुस्ती सुटली. बरोबरीत. शकीलनं हात वर केला व्हता, मी बघितला व्हता." शिट्ट्या झाल्या, कुणी मातीचं ढेकूळ भिरकावलं. वस्तादांनी माईक खाली केला नाही. "ज्याला शिट्टी मारायची त्यानं हितं येऊन मारावी," ते म्हणाले. कुणी आलं नाही. पैठणच्या पैलवानानं स्वतः स्ट्रेचरची एक बाजू धरली.

पुन्हा संभाजीनगर

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. मणका शाबूत होता, नस चेपली होती. सूज उतरली की बोटं परत येतील, पण वर्षभर हौदात पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अजून एक झटका बसला असता तर काय, हे वस्तादांनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. सोमनाथ रडला, एक वर्ष बुडणार म्हणून. मला त्याचं रडणं फार गोड वाटलं, कारण ते एका वर्षासाठीच होतं.

सकाळी मी शकीलभाईंच्या घरून निघायच्या तयारीत होते. पुण्याच्या नोकरीचं मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. एका कुस्तीनं काय होतं? पुढच्या जत्रेत दुसरा फड, दुसरा वस्ताद. आणि म्हाळू वस्तादांचं मन? गावासमोर शकीलभाईंनी त्यांचा शब्द मोडला होता. आमच्या संघटनेत अशा वेळी आम्ही ठराव करतो, पण ठरावानं माणसाचं दुखणं जात नाही.

दारात जीप थांबली. म्हाळू वस्ताद उतरले. त्यांच्यामागून आणखी तीन म्हातारे, तसलेच फेटे, तसलेच चुरगळलेले कान. आजूबाजूच्या तालमींचे वस्ताद. सगळ्यांनी उंबऱ्याबाहेर पायताणं काढली. अम्मींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चहा टाकायला आत गेल्या.

वस्ताद इकडचं तिकडचं बोलले नाहीत. "शकील, काल सोम्याचं डोकं कसं धरलं व्हतं, ते ह्यांना दाव. ह्यांच्या जत्रा अजून व्हायच्यात. तिथंबी तूच बसायचं. खर्चाचं कमिट्या बघतील, मी बोललोय. पण तू धावत येईस्तोवर ह्यांनी पोरांना ओढू नाय, एवढं ह्यांना शिकव."

शकीलभाई उठून चटई अंथरायला लागले. "व्हय... व्हय वस्ताद. गल्लीतल्या एका पोराला बोलावतो, त्याच्यावर दाखवतो."

"पोरगं कामून? मी हाय की."

आणि त्यांनी फेटा उतरवला. आतले केस पांढरे, विरळ. फेटा खुंटीला अडकवून ते शकीलभाईंच्या चटईवर खाली बसले आणि पाठीवर आडवे झाले. बाकीचे तिघं गुडघे मोडत भोवती बसले, जवळ सरकले. मी पेटीतून पट्टा काढून दिला. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

शकीलभाई त्यांच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले. दोन्ही तळवे कानांच्या खाली घेतले.

"वस्ताद," ते म्हणाले, "मी सांगेपर्यंत हलायचं नाय."

त्या तालुक्यात कुणी कधी म्हाळू वस्तादांना असं सांगितलं नसेल. वस्तादांनी डोळे मिटले, हात अंगाशी घेतले आणि शकीलभाईंनी सांगेपर्यंत ते हलले नाहीत.